धपाट्यातला पाला

अप्पांच्या हातातून कप सुटला, तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि 'चहा म्हणजे विष' यातलं 'विष' तोंडातच राहिलं. नातीच्या बारशाला जमलेल्या बायकांना वाटलं, कुणाची नक्कल करून राहिलेत, दोघीतिघी हसल्यासुद्धा. त्यांचा दोष नाही. माझ्या या व्याह्यांइतका पथ्य पाळणारा माणूस लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा नसेल, आणि पथ्यापायी लोकांचं एवढं डोकं उठवणारा तर नाहीच.

शिरूर अनंतपाळला त्यांचं कापडाचं दुकान. हृदयातली एक झडप बदललेली, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोजची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पालेभाजी नेहमीइतकीच खा, एकदम कमीजास्त करू नका. अप्पांनी मेथी, पालक, अंबाडी सगळंच बंद केलं आणि गावभर सांगितलं. मग मुलानं पुण्याहून ग्रीन टीचा डबा पाठवला आणि अप्पांना देव भेटला. मयताच्या घरी गेले तरी थर्मास काखेत. रडणाऱ्या पोराला विचारायचे, "वडील दुधाचा चहा पीत होते का? हां. तेच." आमच्याकडे नांदेडला येताना मुखेडच्या स्टँडसमोर हॉटेलात नुसतं उकळतं पाणी मागायचे. हॉटेलवाला एकदा म्हणाला, "काका, पाणी फुकट नेऊन राहिले, बाकडं बी घेऊन जा की." अप्पांनी त्यालाही अर्धा कप पाजला. तो बाहेर जाऊन थुंकला. अप्पा म्हणाले, "बघा, घाण बाहेर पडून राहिली!"

पण जीव शेवटी दुकानदाराचा. उकळलेला पाला फेकवेना. बारशाच्या पंधरा दिवस आधी लेकीकडे म्हणून आमच्या घरी आले आणि पहिल्याच सकाळी वाटी घेऊन चुलीपाशी उभे. "इहीनबाई, हे धपाट्यात मळा. औषध हाय, वाया कशाला घालायचं?"

"अप्पा, असलं शेळीला घालतात."

"शेळीला कधी झटका आलेला बघितला का?"

मी वाटी घेतली. रोज वाटीभर पाला मी ज्वारीच्या पिठात मळत गेले. लई कडू लागायचं, म्हणून लसूण वाढवला. अप्पा चार चार खायचे.

बारशातून अप्पांना उचलून नेलं त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "मेंदूत रक्ताची गुठळी गेली आहे. गोळीचा असर दिसतच नाही. चुकवत होते का?"

माझी सून, म्हणजे अप्पांची लेक, रडत म्हणाली, "एकबी नाही."

"दुसरं नवीन काही? काढा, जडीबुटी?"

"काही नाही, मॅडम. अप्पांनी तर चहासुद्धा सोडला."

मी भिंतीला टेकून उभी होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि बरे होऊन घरी आल्यावर अप्पांनी पुन्हा वाटी पुढं केली असती. म्हणलं, "सोडला न्हाई. खाऊन राहिलेत. मीच घालून राहिले."

बाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, गोळी रक्त पातळ करते, हिरव्या पाल्यातलं सत्त्व तिला उलटं ओढतं. एखाद्या कपानं एवढं होत नाही. पण रोज वाटीभर पाला? आणि आधी कुणाला विचारायचं नाही?" सून माझ्याकडं बघत राहिली. मी नजर चुकवली नाही.

अप्पा वाचले. त्याला वर्ष झालं. थर्मास माझ्याच फळीवर आहे, त्यात मी गरम पाणी ठेवते. अप्पा आता डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय बडीशेपही तोंडात टाकत नाहीत. आमच्याकडं आले की दुधाचा अर्धा कप चहा घेतात, कुणाला उपदेश न करता, आणि घर फार गप्प वाटतं. 'इहीनबाई' हा शब्द त्यांना अजून जमत नाही; 'ईबाई' म्हणतात. पूर्वी त्यांच्या बडबडीला कंटाळून मी ऐकूच आलं नाही असं दाखवायची. आता पहिल्या हाकेला ओ देते.