वामनरावांची अदलाबदल

सामना हरल्यावर माणसं घरी जातात. वामनराव मैदानात उतरत. आपल्यावर गोल झाला त्या जागी जाऊन उभे राहत, छत्रीच्या टोकानं धुळीत रेघा ओढत आणि मला, म्हणजे सरकारी कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या नवशिक्या कारकुनाला, समजावत. "हाफ इथं काय करून राहिला होता गा? त्याले पुढं जायले कोणं सांगितलं? भूकच नाही, हा रोग आहे आपल्या टीमचा." मला तेव्हा कडकडून भूक लागलेली असे, पण सांगतो कोणाला?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या हॉकी क्लबवर त्यांचा जीव होता. पोटची मुलं कोणत्या इयत्तेत आहेत हे विचारलं तर ते गडबडत. पण कोणता खेळाडू कुठून आला, कोणत्या अटीवर आला, हे त्यांना तोंडपाठ होतं. क्लबपाशी पैसा नव्हता. आमचे मोठे साहेब हॉकीचे शौकीन, ते चांगला खेळणारा पोरगा हेरून त्याला कारकून म्हणून कचेरीत चिकटवत. त्यानं खेळायचं मात्र आमच्या क्लबासाठी, असा तोंडी करार. वामनरावांना तो मुळीच मान्य नव्हता. "तोंडच्या वाफेनं पोरं टिकतेत का? लग्न झालेल्या पोराले घर द्या. नाही तं उद्या दुसरा कोणी देईन अन् घेऊन जाईन." साहेब हसत आणि विषय बदलत.

रामसेवक त्यांचा सगळ्यात लाडका. जबलपूरकडचा हा फुलबॅक अंगानं दांडगा होता. बायको गावी ठेवून क्लबाच्या खोलीत सतरंजीवर झोपायचा. अक्षर असं, की त्यानं लिहिलेलं वाचायला त्यालाच बोलवावं लागे. त्याचं निम्मं काम वामनराव गुपचूप उरकत. "त्याचा हात स्टिकेसाठी आहे. टाकासाठी मी आहो नं."

छप्पन साली जुन्या मध्य प्रदेश राज्याची फाळणी झाली आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. साहेब गेले, निम्मा संघ गेला. रामसेवकाचंही नाव भोपाळला लागलं. वामनरावांचं आणि माझं नागपुरातच राहिलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. वामनराव मात्र वेड्यासारखे झाले. सीताबर्डीच्या हॉटेलात चहाच्या बशा टेबलावर सरकवत ते उरलेल्या खेळाडूंच्या जागा लावून बघत. बाकी सगळं कसंबसं जमे, मागची जागा भरत नसे. "फुलबॅक गेला तं गोल उघडा पडला गा. क्लब बंदच करा लागते." हे बोलताना त्यांचे डोळे भरून येत. हॉकीपायी रडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. हसावं की रागवावं, मला कळेना.

सारख्या दर्जाच्या दोन कारकुनांना आपसात अदलाबदल मागता येत असे. लोक म्हाताऱ्या आईबापांसाठी, बायकोच्या दुखण्यासाठी ती मागत. वामनरावांनी ती फुलबॅकसाठी मागितली. आपली नागपूरची जागा त्याला दिली आणि त्याची भोपाळची स्वतः घेतली. घरी सांगितलं ते मंजुरी आल्यावर.

काकू अंगणात उभ्या राहून कडाडल्या, "मले विचारलं काहून नाही? माझी माय इथं, घर इथं. त्या चेंडूपायी मले कुठं नेऊन टाकून राहिले तुम्ही?"

"थोड्या वर्षांचा प्रश्न आहे वं," वामनराव खाली मान घालून म्हणाले. "टीम उभी राहिली का येऊ परत."

मीही त्यांना वेड्यात काढलं. तर मलाच म्हणतात, "तूच सांग, मी इथं राहून काय करतो? बोंबलतो. तो इथं राहून गोल वाचवते." असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

स्टेशनवर रामसेवकानं त्यांचे पाय धरले. "बाबूजी, मैं ये क्लब कभी नहीं छोडूँगा." वामनरावांनी त्याला उठवलं. "तोंडी काही बोलू नको गा. गोल वाचव."

पुढच्या वर्षी कचेरीच्या कामानं मी भोपाळला गेलो. वामनराव ओळखू येईनात इतके वाळले होते. काकू चहा टाकायला आत गेल्या आणि वामनरावांनी लगेच विचारलं, "रामसेवक कसा खेळून राहिला?"

खोटं बोलावंसं फार वाटलं, जमलं नाही. इंदूरच्या एका गिरणीनं त्याला नेलं होतं. हंगाम सुरू व्हायच्या आधीच तो गेला, आणि क्लबनं त्या वर्षी स्पर्धेत नावच दिलं नाही.

"घर देलं का त्याले?"

"हो. बायकोला घेऊन आला तो."

"मंग बरोबर केलं त्यानं. आपण सतरंजीवर झोपवलं त्याले." मग त्यांनी एकदम माझा हात धरला. "म्हंजे माझी जागा रिकामी झाली नं गा? मले परत बोलवा म्हणावं. मी अर्ज करतो, कोणाच्याही पाया पडतो. मले इथं जमून नाही राहिलं."

रामसेवक गेल्यावर सरकारनं ती जागाच रद्द केली होती. राजधानीच गेली, मग इतके कारकून कशाला? हे मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं. ते कितीतरी वेळ माझा हात तसाच धरून बसले. आत कपबशा वाजल्या तेव्हा कुठे त्यांनी तो सोडला, आणि घाईघाईनं माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हिले सांगू नको. परत जायचं म्हणून हिनं अजून अर्धं सामान बांधूनच ठेवलं आहे."