हरीशचं नाव शाळेतून काढलं तेव्हा

मी बोलकी बाई आहे. जबलपुरात आमच्या क्वार्टरांच्या ओळीत कोणालाही विचारा — नळावर, रेशनच्या लायनीत, हळदीकुंकवाला, माझं तोंड कधी बंद नसायचं. पण ही एक गोष्ट या तोंडातून आजवर निघाली नाही. ह्यांना सांगितली नाही. ते गेले, तरी नाही. अमरावतीच्या सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हाही मी बाकीचं सगळं बोलते, ही गोष्ट सोडून. मग तुम्हाला काहून सांगून राहिली? मला माहीत नाही. ऐका, बस.

बांगलादेशच्या लढाईचे दिवस होते. आमचे हे फौजेच्या सामानाच्या मोठ्या सरकारी कारखान्यात टर्नर होते, लेथवर. दोन-दोन पाळ्या चालायच्या. अंधारात जायचे, अंधारात यायचे, जेवता जेवता पाटावरच डुलक्या घ्यायचे. खिडक्यांना आम्ही काळे कागद चिकटवले होते. कारखान्याचा भोंगा झाला की अख्खी ओळ हलायची, आणि ओळीतले सगळे बाप गेले की मागे राहायचो आम्ही बाया आणि ही वाढत्या वयाची पोट्टी. त्यांना कोण धाक लावणार? आईला कोण मोजतो? शाळेत रोज मारामाऱ्या. आधी लढाई-लढाई खेळायचे, मग खरंच एकमेकांची डोकी फोडायचे.

माझा अरुण तेव्हा दहावीत. शेजारच्या शांतीचा हरीश त्याच्याच वर्गात. शांती रीवाकडची. तिचा नवरा त्याच कारखान्यात ट्रक चालवायचा. आमच्या दोन्ही घरांची भिंत एक. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर तिनंच आमचं घर चालवलं. भाकरी तिला थापता यायची नाही, तर रोटीच जाड लाटून आणायची आणि म्हणायची, दीदी, भाकरी खा लो. असं माणूस. पण चार लोकांत तोंड उघडायचं म्हटलं की तिचे हातपाय गार. पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसायची. बाहेरचं जे काही बोलायचं असेल — डॉक्टरशी, रेशनवाल्याशी — ते तिच्यासाठी मी बोलायची. मला आवडायचं ते. खोटं कशाला सांगू, मोठेपणा वाटायचा.

तर शाळेच्या मागे एक दिवस मारामारी झाली. ठेकेदाराचा एक दांडगा पोरगा होता, बारक्या पोरांना छळायचा. त्याच्या डोक्यात कोणीतरी मागून लोखंडाचा दांडा घातला. रक्त, आरडाओरडा, पोरं पळाली. मास्तर धावत आले तर हरीश तिथेच उभा, आणि दांडा त्याच्या हातात. ठेकेदाराच्या पोराला मारणारा दिसला नव्हता. हरीशला विचारलं तर तो एवढंच म्हणाला — मैंने नहीं मारा. मग कोणी मारलं? तर गप्प. छड्या खाल्ल्या, तरी गप्प.

हेडमास्तरांनी रविवारी सगळ्या पालकांना बोलावलं. नवा नियम करायचा होता: हत्यार वापरणाऱ्या पोराचं नाव शाळेतून काढायचं आणि दाखल्यावर कारण लिहून द्यायचं. म्हणजे दुसरी कोणती सरकारी शाळा त्याला घेणार नाही. आणि नियमाचा पहिला पोरगा कोण, हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं. शांती सकाळीच माझ्याकडे आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "दीदी, आप बोल देना। मुझसे नहीं बोला जाएगा।" मी म्हटलं, तू चल तर, मी आहे ना.

मी आहे ना. काय शब्द निघतात माणसाच्या तोंडून.

वर्गाची बाकं बाजूला करून सतरंज्या टाकल्या होत्या. रविवारीही कारखाना चालू, म्हणून बायाच जास्त. सुट्टी मिळालेले चार-दोन पुरुष मागे बसलेले. हेडमास्तरांनी शांतीला आणि हरीशला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं — ज्याचा मामला, तो आत नको. आणि मग जी चर्चा सुरू झाली बाप्पा! एक बाई म्हणाली, मास्तरांनी मारणं सोडलं म्हणून पोरं बिघडली. दुसरी म्हणाली, माझ्या पोराच्या पाठीवर वळ आहेत, तो काय कमी बिघडला? एका बाबूजींचं म्हणणं, एक-दोन नावं काढा, बाकीचे आपोआप सरळ होतील. ठेकेदार तर पोलिसांतच द्या म्हणत होता.

मग मी उठले. आणि मी चांगलं बोलले — हे मला आजही कबूल करावं लागतं. मी म्हटलं, या पोरांचे बाप देशासाठी कारखान्यात राबून राहिले, घरी धाक लावायला कोणी नाही, आणि तुम्ही शाळेतूनही हाकलणार? मग ही पोरं जातील कुठं? चौकात. आज एक डोकं फुटलं, उद्या चौकात दहा फुटतील. शिक्षा द्या, मैदान झाडायला लावा, महिनाभर वेगळं बसवा, पण नाव काढू नका. बाया माना हलवायला लागल्या. तो बाबूजीसुद्धा म्हणाला, बात तो सही है. अजून दोन वाक्यांत मी मीटिंग जिंकली असती.

पण मला गप्प कुठं बसवते? मी म्हटलं, हत्यार हत्यार म्हणता, पोराच्या हातात असं कोणतं हत्यार येणार? आणा ना, आम्हाला दाखवा तरी.

हेडमास्तरांनी कपाटातून एक पुडकं काढलं. वर्तमानपत्र उलगडलं आणि टेबलावर ठेवलं.

तो माझ्या खलबत्त्यातला बत्ता होता.

ह्यांनीच तो बनवला होता, लेथवर, उरलेल्या तुकड्यातून. लढाईच्या आधी डब्यातून घरी आणला होता. माझा हात सटकू नये म्हणून वरच्या बाजूला खाचा पाडलेल्या. दोन-तीन दिवसांपासून तो सापडत नव्हता, मी लसूण तांब्याच्या बुडाने ठेचून राहिली होती. कोणी शेजारणीने नेला असेल, असंच वाटत होतं. असं काहीबाही आमच्या ओळीत घरोघरी होतं — कोणाकडे सांडशी, कोणाकडे झारा. कारखान्यातला माणूस बायकोसाठी एवढं करायचाच, त्याला कोणी चोरी म्हणत नव्हतं. पण लढाई सुरू झाली आणि गेटवर अंगाची झडती सुरू झाली. खिळा सापडला तरी नोकरी जाईल, असं ऐकत होतो. नोकरी गेली की क्वार्टर गेलं. आणि वरून देशाच्या मालाची चोरी — त्याचं काय करतील, ते कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतं.

मागून एक माणूस म्हणाला, हे तर खरादचं, लेथवरचं काम आहे, कारखान्याचा माल. झालं. मला वाटतं, त्या क्षणी प्रत्येक बाई आपल्या स्वयंपाकघरात जाऊन आली. हेडमास्तर म्हणाले — ते वाईट नव्हते, तेही घाबरलेलेच होते — आज इथे निकाल लागला तर शाळेचं प्रकरण शाळेत मिटेल. नाही तर मला हे कारखान्याच्या सुरक्षावाल्यांकडे पाठवावं लागेल. ते शोधतील कोणाचं आहे ते.

मला सगळं कळलं तेव्हा. अरुणने मारलं होतं. हरीशने त्याच्या हातून बत्ता हिसकावला होता, आणि माझ्या पोराचं नाव न सांगता छड्या खात होता. दोन शब्द पुरे होते — बत्ता माझा. मी उभीच होते. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण बोलत तर मीच होते ना.

आणि मी बोलले. मी म्हटलं, "हेडमास्तर साहब, नियम है तो नियम से कीजिए। नाम काट दीजिए।"

मी म्हटलं हे. दुसऱ्या कोणी नाही. मघाशी ज्या बाईने त्यांना पोरासाठी वळवलं, तीच हे म्हणतेय म्हटल्यावर कोण थांबतं? सगळे हात वर झाले. मीही माझा हात वर केला. इतका वेळ मी काय बोलत होते, हे मला कोणीच विचारलं नाही. बत्ता पुन्हा कागदात गेला आणि कोणाकडेही पाठवला गेला नाही.

तुम्ही म्हणाल, हेच ते. नाही, थांबा. याच्याहून वाईट पुढे आहे.

व्हरांड्यात शांती उठून उभी राहिली. तिला माझा चेहरा बघूनच कळलं असावं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं — मी खूप भांडले गं, कोणी ऐकलंच नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आणि काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, दीदी, आप तो बोलीं ना. मैं तो वो भी न कर पाती. हरीश बाजूला उभा होता. दहावीतलं पोरगं, नुकती मिसरूड फुटलेली. तो माझ्याकडे बघत होता. दार लोटलेलं होतं. आतलं त्याला किती ऐकू आलं, हे मला कधीच कळलं नाही. त्याने फक्त आईची चप्पल सरळ करून दिली आणि पुढे चालू लागला.

घरी आले तर अरुण दारातच. काय झालं, म्हणाला. मी सांगितलं. म्हणाला, आई, मी उद्या सरांना सांगतो, मी मारलं. रडत होता, पण सांगणार होता. ते लेकरू खरंच सांगणार होतं हो. मी त्याच्या थोबाडीत मारली. बाबाला तुरुंगात घालायचं आहे का, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो सरांकडे गेला नाही. त्यानंतर त्या पोराने माझ्या शब्दाबाहेर कधी काही केलं नाही. लोक म्हणायचे, किती शहाणा मुलगा आहे. मला ते ऐकवायचं नाही.

ह्यांनी एकदा विचारलं, बत्ता कुठे गेला? मी म्हटलं, हरवला. पुन्हा विचारलं नाही. त्यांना वेळ कुठं होता.

हरीशला कोणत्याच शाळेने घेतलं नाही. गणितात तो माझ्या अरुणच्या पुढे होता, पण दाखल्यावरचं कारण वाचून सगळे दार लावायचे. मग कमानिया गेटजवळ एका सायकलवाल्याकडे पंक्चर काढायला बसला. पुढे तिथंच स्वतःची टपरी टाकली. लग्न झालं, पोरं झाली. अरुण शिकला, इंजिनीयर झाला, पुण्याला असतो. जबलपूरला येतो तेव्हा कमानिया गेटकडे जात नाही. का जात नाहीस, हे मी त्याला विचारत नाही. आमच्यात त्यावर एक शब्द होत नाही, इतकी वर्षं झाली.

आणि शांती? शांतीने अख्ख्या ओळीत सांगितलं — मेरे हरीश के लिए अकेली दीदी लड़ी थीं. लढाई संपली, क्वार्टरं सुटली, ती चेरीतालला राहायला गेली, तरी सांगायची. दर होळीला गुझिया पाठवायची. त्या दिवशी सतरंजीवर बसलेल्या बायांपैकी कोणीच तिला खरं सांगितलं नाही. कोण सांगणार? हात तर सगळ्यांचेच वर होते. मी गुझिया घ्यायची. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून त्यात चिवडा घालून द्यायची. दर वर्षी वाटायचं, या खेपेला सांगू. दर वर्षी मी डबा द्यायला गेले की ती हसत दारात उभी राहायची आणि मी चिवड्याचंच बोलायला लागायची. शेवटी शेवटी तर मी तिच्याकडे जाणंच कमी केलं. गुडघे दुखतात म्हणायची.

या हिवाळ्यात शांती गेली. मला उशिरा कळलं. तेरवी झाल्यावर एका दुपारी हरीश घरी आला. म्हातारा झालाय आता तोही, कानावरचे केस पांढरे. आधी विचारलं, काकी, अरुण कैसा है? ठीक आहे म्हटलं. मग म्हणाला, अम्मा जाते-जाते कह गईं, दीदी के पैर छू आना, वो तेरे लिए अकेली लड़ी थीं.

बत्ता कोणाचा, हे त्याला ठाऊक होतं. कोणी मारलं, हे ठाऊक होतं. मी आत काय म्हटलं, हे ठाऊक होतं का? त्याच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. तो वाकला. माझ्या पायांवर हात ठेवून जरा जास्तच वेळ तसाच राहिला — मी काही म्हणेन म्हणून, की पाठ दुखत होती म्हणून, देव जाणे. घरात आम्ही दोघंच होतो. ज्यांच्यासाठी म्हणून मी ते सगळं केलं, ते जाऊन वर्षं झाली होती. आता कोणाची नोकरी जाणार नव्हती. कोणी तुरुंगात जाणार नव्हतं.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, खुश रहो बेटा, तेरी माँ सच कहती थी.