भुशाच्या ढिगावर स्कीइंग

रायपुरात बर्फ पाहायचा असंन त उसाच्या रसात पाहायचा. तरी माह्या मैत्रिणीनं अन् मी इथं स्कीइंग केलं, तेही धानाच्या भुशाच्या ढिगावर. हसायचं असंन त आत्ताच हसून घ्या.

झालं असं का तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातले लोक बायकापोरांसकट उत्तराखंडात औलीले चालले होते. डोंगरात पायी चढायचं अन् मोकळ्या बर्फावरून स्कीवर खाली यायचं, असा बेत. तिनं विचारलं, "मले जमंन का?" भाऊजी म्हणाले, "तू खाली बसजो. कोणीतरी सामानाजवळ पाह्यजे ना!"

हे सामानाजवळ बसणं लग्नापासून तिच्या मागं लागलं आहे. धबधब्यावर सारे पाण्यात, ही पर्सा अन् चपला घेऊन दगडावर. मेळ्यात सारे पाळण्यात, ही खाली. तेलीबांध्याच्या तलावात सारे बोटीत, ही काठावर. पंचवीस वर्षं! माह्या घरी आली ते तणतणतच. "यावेळी मी काही बसत नाही," म्हणे. "पण पडली त हे जन्मभर चिडवतीन. मले उभं राहाले शिकव."

मले काय डोंबल येते! पण मी राईस मिलच्या ऑफिसात काम करते, अन् मिलच्या मागं दोन मजल्यांएवढा भुशाचा ढीग आहे. रविवारी मिल बंद राहते.

घरी भिंतीले लावून उरलेल्या पीव्हीसी पॅनलच्या दोन पट्ट्या कापल्या, जुन्या ओढण्यांनी तिच्या पायाले बांधल्या, हातात कपडे वाळवायच्या काठ्या दिल्या. अन् अक्कल पाहा आमची, घसरावं म्हणून पट्ट्यांले खालून खोबरेल तेल चोपडलं! तेलाले सारा भुसा चिकटला. बाई ढिगाच्या टोकावर उभी, जागची हलंना.

चौकीदार काका आले, काय चाललं म्हणून छत्तीसगढीत विचारलं. "का करत हव दीदी?"

"एक्सरसाइज," मी म्हटलं.

"हव," म्हणजे बरं, म्हणून ते परत खुर्चीवर जाऊन बसले.

मग पट्ट्या पुसल्या अन् कॅरमची पावडर लावली. तीनदा पडली. एकदा तोंडावर, एकदा बुडावर, एकदा कशावर ते सांगत नाही. नाकात भुसा, कुर्त्यात भुसा, सारी खाजवून राहिली.

"राहू दे वं, कंबर मोडंन," मी खालून ओरडली.

"मोडू दे! बसून बसून तशीही आखडलीच आहे."

चौथ्यांदा ती उभ्यानं खाली आली. पार खालपर्यंत, काठ्या वर करून, बोंबलत. खरं सांगते, मले रडू आलं.

"आता तू जाय वर," ती म्हणाली.

"मी कशी जाऊ?"

माह्या खांद्यावर तिची पर्स, माही पर्स, हातात दोघींच्या चपला अन् तिचा मोबाईल. सकाळपासून मी तशीच उभी होती, अन् मले समजलंही नव्हतं.

तिनं माह्याकडं पाह्यलं. मग सारं हातातून ओढून भुशावर टाकलं अन् पट्ट्या माह्या पायाले बांधाले लागली.

"अन् सामान?"

"त्याले काय पाय आहेत?"

मी दोनदाच पडली. सामान जागच्या जागी होतं.

पुढच्या महिन्यात औलीवरून तिनं एकच फोटो पाठवला. बर्फात साऱ्यांच्या बॅगा पडल्या होत्या अन् जवळ कोणीच नव्हतं.