मास्तरांनी दिलेलं उत्तर

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि बोलण्यातही नव्हता. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते हेच सांगून मोकळे. बायकोला कोणी काही विचारलं तरी उत्तर मास्तरांचं. शेजारणीने "बरी आहेस ना गं?" म्हणावं आणि आतून मास्तरांनी ओरडावं, "तिला काय धाड भरलीय!" ती बिचारी मान खाली घालून काजं करत राही.

तिला खोड एकच. कापडावर खुणा करायचा खडू ती खायची. आधी नुसता चुरा जिभेवर ठेवी, मग अख्ख्या वड्या गायब व्हायला लागल्या. मास्तर चिडवायचे, "अगं, सगळा तूच खाल्लास तर मी आखू कशाने?" ती तोंडावर हात ठेवून हसे. आणि हेच गृहस्थ बाजारातून येताना तिच्यासाठी मऊ, पांढऱ्या वड्यांचा वेगळा डबा घेऊन येत. माणूस मायाळू होता हो, तिथेच तर सगळं फसलं.

पुढे तिला धाप लागायला लागली. दुकानावरच्या दोन खोल्यांत जायला चौदा पायऱ्या, ती सातव्या पायरीवर टेकायची. ओठ, नखं, सगळं पांढरंफटक. मास्तर घाबरले आणि तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा. पाळीत फार रक्त जातं का, असं विचारल्यावर तिने हळूच मान हलवली. कित्येक वर्षं जात होतं, आणि मास्तरांना ते त्या खोलीत पहिल्यांदा कळलं. बाईंनी पुढे विचारलं, "माती, खडू, असलं काही खाता का?"

तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना प्रश्न झोंबला. आपण बायकोला उपाशी ठेवतो असं वाटतंय की काय या बाईंना? "छे हो," ते म्हणाले, "आमच्याकडे खाण्यापिण्याची ददात नाही."

बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि महिन्याने परत बोलावलं. मास्तर रोज न चुकता स्वतःच्या हाताने गोळी देत. गोळीने तोंड बेचव होतं म्हणून वर खडूचा तुकडाही देत. तेवढ्यात शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आलं, आणि महिन्याचे चार महिने झाले.

एका दुपारी ती तिसऱ्याच पायरीवर बसली आणि तिला उठताच येईना. इस्पितळात हिमोग्लोबिन साडेतीन निघालं. हृदय थकून गेलं होतं, म्हणून रक्तसुद्धा अगदी सावकाश चढवत होते. डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा कुठे मास्तरांनी खडूचं सांगितलं.

बाई शेजारच्या बाकावर बसल्या. "लोह कमी झालं की अशीच ओढ लागते, मास्तर. आणि तोच खडू गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही. लोह नाही तर रक्तातल्या तांबड्या पेशी बनायच्या कशाने? तेव्हा कळलं असतं तर मी शिरेतून लोह दिलं असतं." मग म्हणाल्या, "मीही तुम्हाला बाहेर बसवून तिला विचारायला हवं होतं."

मास्तर खाटेजवळ गेले. "चुकलो गं मी. तुला बोलूच दिलं नाही."

ती थांबत थांबत बोलली. "मीही खरं सांगितलं नसतं. लाज वाटत होती. तुम्ही मध्ये बोललात तेव्हा किती बरं वाटलं, अहो. म्हटलं, आपल्या माणसाने सांभाळून घेतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

मास्तर अजून कपडे बेततात, पण गिऱ्हाइकाचं बोलणं पुरतं ऐकून घेतात. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्या ऐकून मी जगलो असतो, असं ते म्हणतात. तिने उपकार मानले, आणि ते त्यांना काही केल्या सोसत नाही.