धाकट्या जावेला लीडर केलं तेव्हा

मी लीडर होते असं म्हटलं की आमच्या घरात अजूनही कोणाला तरी ठसका लागतो. पण होते. धुळ्याला देवपुरातल्या माझ्या दिवाणखान्यात दर गुरुवारी मीटिंग व्हायची. टीपॉयवर साबण, टूथपेस्ट आणि ताकदीची पावडर मांडलेली असायची, आणि भर संध्याकाळी आम्ही बायका एकमेकींना गुड मॉर्निंग म्हणायचो. कंपनीच्या माणसाची सकाळ कधी संपत नाही, असं पुण्याहून येणाऱ्या सरांनी शिकवलं होतं. नवरा तेवढा वेळ गच्चीवर जाऊन बसायचा.

साबण कोणीही विकतं, सर म्हणायचे, खरा लीडर दुसरा लीडर घडवतो. माझी वरची पायरी त्यावरच अडली होती. माझ्या हाताखालच्या एका तरी बाईने जळगावच्या मेळाव्यात स्टेजवर उभं राहून बोलायचं, तरच मला सोनेरी बिल्ला मिळणार होता. बिल्ला पितळेचा असतो हे मला माहीत होतं. तरी मला तो हवाच होता. इतकी वर्षं संसार केला, त्याचा बिल्ला कोणी दिला नव्हता.

घडवायला सापडली धाकटी जाऊ. ती एरंडोलला राहते. भाजीवाल्याने किडकी वांगी दिली तरी निमूट घेऊन येईल, असा स्वभाव. मी तिला सारखी देवपुरात बोलावून घ्यायचे आणि कपाटाच्या आरशासमोर उभी करायचे, हातात माइक म्हणून आमचीच टूथपेस्ट. मान वर, नजर समोर, मनात आहे ते बेधडक सांगायचं. ती अडखळली की वाक्य मी पूर्ण करायचे. त्यामुळे तिची वाक्यं फार छान व्हायची.

मेळाव्याचा दिवस पुण्यात ठरला, तो नेमका आखाजीचा आदला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशातली सासुरवाशीण माहेरी जाते, झोके बांधते, गाणी म्हणते. त्या दिवसांत तिला सोन्याचा साबण दिला तरी ती सासरी सापडायची नाही. माझी सगळी टीम पांगली. धाकटीची मुलंही पिंपळनेरला मामाकडे पोचली होती आणि तिची पिशवी भरून तयार होती. तिने फोन केला, अक्का, मी, एवढं म्हणाली, आणि पुढचं मीच बोलले: माहेर काही पळून जात नाही, आखाजी दर वर्षी येते. ती बरं म्हणाली. नकाराचा होकार कसा करायचा, याचं आम्हाला खास ट्रेनिंग होतं.

प्रत्येक टीमने आपली रांग भरायची, असा नियम होता. माझ्या रांगेत मी आणि रिकाम्या खुर्च्या. म्हणून मी नवऱ्याला सोबत घेतलं, त्याच्या जळगावातल्या मित्रांनाही बोलावलं. इथेच माती खाल्ली. माझा नवरा म्हणजे तिचा जेठ, थोरला दीर. लग्न झाल्यापासून ती त्याच्यासमोर एक शब्द बोललेली नव्हती. चहासुद्धा दाराशी ठेवून नुसत्या बांगड्या वाजवायची.

तिला पुकारलं. ती स्टेजवर चढली, पहिल्याच रांगेत जेठ दिसला, आणि पदर नाकापर्यंत खाली आला. मी खालून ओठ हलवून वाक्यं सुचवत होते. शेवटी नवऱ्याच्याच लक्षात आलं. तो उठला आणि मित्रांना घेऊन चहाला बाहेर गेला. माझी रांग ओस पडली.

मग तिने पदर मागे घेतला.

"आमन्या मॅडम सांगतस, मनमा शे ते बेधडक सांगा. ते सांगस. माले हाई काम करानं नही. आमनी गल्लीन्या बाया माले देखीसन दार लोटतस. माले माहेरले जावानं शे."

हॉलने कडकडून टाळ्या वाजवल्या. स्टेजवरच्या प्रत्येक भाषणाला टाळ्या, हाही नियमच होता. सरांना अहिराणी येत नव्हती, त्यांनी हसत तिच्या हातात गुलाब दिला. पण शेजारी बसलेल्या जळगावच्या मॅडमना येत होती. त्या सरांच्या कानाशी लागल्या, आणि माझा बिल्ला डबीतच राहिला.

परतताना नवरा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, ती मागे. जळगाव सुटल्यापासून मी बोलत होते. इतकी मेहनत घेतली, चारचौघांत नाक कापलं, वगैरे सगळं. एरंडोलला नवऱ्याने गाडी कडेला घेतली, पण ती उतरली नाही. धुळ्याहून पिंपळनेरची बस धरते, असं माझ्या कानाशी कुजबुजली, पिशवी सकाळीच गाडीत टाकली होती. मला आणखीच राग आला. हेच होतं तर घरी सांगायचं, मी म्हणाले, स्टेजवर तमाशा कशाला?

"अक्का, घरमा तुम्ही कोनले बोलू देतस का?"

जेठ पुढच्या सीटवर असताना ती हे बोलली. त्याने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि गाडी सुरू केली. नकार आला की काय म्हणायचं ते मला तोंडपाठ होतं, म्हणून मी मागे वळले. ती खिडकीबाहेर बघत होती. मी परत पुढे वळून बसले. पारोळा गेलं, धुळं जवळ आलं. वाटेत नवऱ्याने दोनदा विचारलं, तुला बरं वाटत नाहीये का.