धाकटीकडची कॉपी

माझ्या धाकट्या जावेचं सगळं जागच्या जागी असतं. वरच्या मजल्यावर ती, खाली मी, जिना एकच. तिच्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या, पडद्यांना इस्त्री, कम्प्युटरवर क्रोशाचा रुमाल. मला तिचा हेवा वाटायचा असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोला? अजून वाटतो.

सासूबाईंना आम्ही दोघी आत्ती म्हणायचो. आत्तींच्या तोंडी उठताबसता धाकटीचं कौतुक. "धाकटी शाणी हाय." "धाकटीला इचारा." मी थोरली, घरात आधी आलेली, मर मर राबणारी. माझ्या हातचं कायबी खाल्लं की आत्तींचं ठरलेलं, "बरं हाय. चालतंय." अहो, चालतंय काय? बैल हाय का तो!

एकदाच त्या माझ्याबद्दल चांगलं बोलल्या. गावची जत्रा होती, घर पाहुण्यांनी भरलेलं. मी आजऱ्याचे काजू वाटून पांढरा रस्सा केलता. धाकटे दीर मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. आत्तींनी वाटी तोंडाला लावली, पदरानं ओठ पुसले आणि चारचौघात म्हणाल्या, "रस्सा करावा तर आमच्या थोरलीनं. दुसऱ्या कुणाचं काम न्हाय ते."

दिरांनी तो व्हिडिओ माझ्या कम्प्युटरवर घालून दिला. पुढं आत्ती गेल्या. वरनं जावेच्या कौतुकाचं काही कानावर आलं, की मी दार लोटून घ्यायचे आणि तो व्हिडिओ लावायचे. किती वेळा बघितला ते सांगत नाही, तुम्ही हसाल. पण तो बघितला की मला भूक लागायची, झोप लागायची.

मग धाकटीनं बॅकअपचं खूळ काढलं. कम्प्युटर बिघडलाच तर हाताशी असावी म्हणून दुसरीकडं काढून ठेवलेली कॉपी, म्हणजे बॅकअप. चहा गाळता गाळता मला शिकवायला लागली, "अक्का, नुसत्या फायली कॉपी केल्या तर फोटो, व्हिडिओ वाचतात. अख्ख्या कम्प्युटरची कॉपी काढली तर नवी डिस्क बसवून तो होता तसा उभा करता येतोय. इंटरनेटवर ठेवलं तर कुठनंबी उघडतंय. आणि एक कॉपी घराबाहेर पायजेच. नदीचं पाणी आपल्या गल्लीत शिरतंय, घरात चार कॉप्या असल्या तर चारी बुडतील की."

तिची एक डिस्क जयसिंगपूरला, माहेरी. भावानं त्यासाठी कपाटात कप्पा करून दिलेला. माझ्या माहेरी माझा साधा फोटो भिंतीवर नाही, आणि हिच्या डिस्कला कप्पा! चहा मला गोडच लागेना.

दुसऱ्याच दिवशी मी डिस्क आणली. तिच्यापेक्षा मोठी. तिला कॉपी करायला आख्खी दुपार लागायची. मी स्क्रीनवरचे सगळे फोल्डर उचलून डिस्कवर टाकले आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत काम फत्ते. लगेच जिना चढून सांगून आले.

"एवढ्यात?" तिनं विचारलं. "अक्का, एकदा दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून बघा हं."

"आमचा फास्ट हाय," मी म्हटलं. मनात म्हटलं, जळतीया.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. विळी, कोयता, ह्यांची मोटरसायकल, कम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू. त्या वर्षी मी डिस्कपण पाटावर मांडली, झेंडू वाहिला आणि लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. दर खंडेनवमीला पुन्हा हळदकुंकू. उघडून मात्र एकदाही बघितली नाही. देवाचं गाठोडं कोण कशाला सोडतंय?

यंदा कम्प्युटर बसला. दुरुस्तीवाला म्हणाला, आतली डिस्क गेली, काही निघायचं नाही. मी ऐटीत लाल फडकं सोडलं. त्यानं डिस्क त्याच्या लॅपटॉपला जोडली. फोल्डरची नावं सगळी दिसली, पण एकही उघडेना. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारका बाण.

"मावशी, हे शॉर्टकट हायत," तो म्हणाला. "नुसता पत्ता आलाय. घर तिकडंच ऱ्हायलं, ते गेलं."

लेकीचे फोटो लेकीकडं होते, बाकीच्याचं मला काही नव्हतं. पण आत्तींचा व्हिडिओ! दिरांचा तो मोबाईल कधीच मोडीत गेला. आता राहिली ती वरची. आणि तिनं तरी तो का ठेवावा? तिच्या जागी मी असते तर ठेवला नसता.

बरेच दिवस कुढले. शेवटी पांढरा रस्सा केला, डबा भरला आणि जिना चढले. डबा तिच्या हातात देत म्हटलं, "जत्रेतला आत्तींचा व्हिडिओ हाय का गं तुझ्याकडं?"

तिनं कुठं शोधलं नाही की आठवलं नाही. थेट लावला. आत्तींनी वाटी उचलली, ओठ पुसले, बोलल्या. मला रडू फुटलं.

"बरं झालं बाई, जपून ठेवलास."

"जपतीया कसली," ती स्क्रीनकडंच बघत म्हणाली. "पुसलावता मी. आत्ती गेल्यावर. इथं पुसला की इंटरनेटवरचाबी जातोय, गेला. मग जीव ऱ्हाईना. जयसिंगपूरला जाऊन डिस्कवरनं परत आणला. दिवाळीत परत पुसला. परत आणला."

"अगं पण का?"

तिनं व्हिडिओ थांबवला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. आत्तींच्या मागं, भाकरीची बुट्टी घेऊन ती उभी होती. एवढ्या वेळा बघितला, पण माझे डोळे आत्तींच्या तोंडावरनं कधी हललेच नव्हते.

"पहाटेपासनं समद्या भाकरी मी थापल्यावत्या, अक्का. आत्तींच्या ताटात माझीच भाकरी हाय. नाव तरी काढलं का? मला शाणी म्हणायच्या. शाणी म्हणून पोट भरतंय व्हय?"

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण नंतर. आधी काळीज गार झालं. ही माझ्यावर जळत होती! ही! माझ्यावर!

तिनं माझी डिस्क जोडली, कॉपी लावली आणि म्हणाली, "थांबा, खरा व्हिडिओ जायला वेळ लागतोय. तवर भाकरी टाकते."

कॉपी होईतोवर आम्ही जेवायला बसलो. माझा रस्सा, तिची भाकरी. भाकरी टम्म फुगलेली, मऊ, पापुद्रा अलगद सुटणारा. मला जन्मात अशी जमलेली नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. घास गिळला, मान हलवली आणि म्हणाले,

"बरी हाय. चालतंय."