नाडीच्या जागी पट्टा

दुसरा चहा गॅसवर होता, मेथी निवडायची राहिली होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात मालनबाई. गळ्यात टेप, हातात मोठी कात्री.

"ताई, तुमची गाडी जरा उघडा. मागची सीट बघायचीय."

मालनबाईंचं शिलाई मशीन वडीगोद्रीत हायवेच्या कडेला, टपरीत. पंधरा वर्षं ब्लाऊज-परकर शिवले. अलीकडे गाड्यांची सीट कव्हरंही शिवतात. सुरुवातीला लोक हसले. पण टीप इतकी सरळ, की हसणारेच गाड्या घेऊन आले. आमचीही कव्हरं त्यांचीच.

मागच्या सीटवर त्या हात फिरवत राहिल्या.

"काय शोधताय?"

"बेल्टचा खटका. मीच दाबून टाकला. समदे म्हणायचे, टोचतो, आत घाला. मी बराबर आत घालून वरून टीप मारली."

मग कळलं. त्यांच्या लेकीला, पायलला आठवा महिना. रविवारी ती कुंभार पिंपळगावहून बाळंतपणाला यायची होती, नवऱ्याच्या, भारतच्या गाडीतून. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं, मागं बसलीस तरी बेल्ट लाव. काल पायलचा फोन आला, "माय, लावू कशात? खटका तुझ्या कव्हराखाली हाय." ते कव्हर मालनबाईंनीच दिवाळीला जावयाला शिवून दिलेलं.

"पण पोट दबणार नाही का?" मी विचारलं.

"तेच मला बी कळंना. तुम्ही म्होरं बसून लावून दाखवा."

मी बसले, पट्टा ओढला आणि सवयीनं काखेखालून घेतला. पदर चुरगळतो ना.

"रोज असाच लावता?" त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवलं. "धक्का बसला तर समदा भार बरगडीवर. पदराला इस्त्री करता यीन, बरगडीला न्हाई."

पट्टा त्यांनी खांद्याच्या मधोमध, छातीवरून घेतला. गळ्याला लागू दिला नाही. खालचा भाग पोटावरून खाली सरकवता सरकवता एकदम थांबल्या.

"ताई, आठव्या महिन्यात परकराची नाडी कुठं बांधली तुम्ही?"

"पोटाखाली. कमरेच्या हाडावर."

"मंग पट्टा बी तिथंच." आणि त्यांनी तो ओढून घट्ट केला. "नाडी ढिली कोण ठेवतं?"

खात्री म्हणून सिस्टरला फोन लावला. त्या म्हणाल्या, अगदी बरोबर; वरचा पट्टा छातीवरून पोटाच्या कडेनं, खालचा पोटाखालून, पोटावर काहीच नको. माझी दोन बाळंतपणं झाली, इतकी वर्षं गाडीत बसते. मला हे कधी सुचलं नव्हतं.

मालनबाई पुन्हा मागच्या सीटकडे गेल्या. कव्हराखालचा खटका बोटांनी चाचपला, खडूनं खूण केली, पुसली, पुन्हा केली. कात्री उघडली, पण लावली नाही.

"भारतरावाची गाडी बी ह्याच मॉडेलची. कव्हर कापून घ्यायला दुपारी ती घेऊन येऊन राह्यलेत. तिथं माझी खूण चुकायला नको."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमचं कव्हर मला आधी कापू द्या."